घरात संगणक कशाला?

१९६९ च्या नाताळासाठी अमेरिकेतल्या नीमन मार्कस या उंची दुकानाने काढलेल्या कॅटलॉगमध्ये एक संगणक विकायला ठेवला होता. नाव 'हनीवेल किचन कॉम्प्युटर', किंमत १०,६०० डॉलर. तेवढ्या पैशांत त्या वेळी दोन-तीन नव्या मोटारी दारात उभ्या राहिल्या असत्या. यंत्राला भाजी चिरायची फळी जोडलेली होती आणि जाहिरातीत शेजारी ॲप्रन बांधलेली गृहिणी उभी होती. संगणकाने पाककृती साठवाव्यात आणि रोजचा बेत सुचवावा, अशी कल्पना होती. मात्र त्याला ना पडदा होता, ना अक्षरांचा कळफलक. समोर फक्त स्विच आणि दिवे. आज काय रांधायचं हे दिव्यांच्या उघडझापीतून वाचायचं, तर आधी दोन आठवड्यांचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग करावा लागणार होता. त्याचे पैसे किमतीतच धरले होते. एकही नग विकला गेल्याची नोंद सापडत नाही.

यंत्रात खोट नव्हती. त्याच्या आत होता तो एच-३१६ हा हनीवेलचा मिनिकॉम्प्युटर आणि इतरत्र तो चोख काम करत होता. अडचण वेगळीच होती. घरात संगणक आणून करायचं काय, याचं उत्तर बनवणाऱ्यांपाशी नव्हतं आणि ज्यांच्यासाठी बनवला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या दहा वर्षांत हाच प्रश्न या धंद्यातल्या एकेका मोठ्या कंपनीपुढे आला आणि त्यांतल्या बहुतेकींनी तो बाजूला सारला. तरीही जानेवारी १९८३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने सरत्या वर्षाचा मानकरी म्हणून एखाद्या माणसाऐवजी संगणकाची निवड केली. मधल्या तेरा वर्षांत जे घडलं, तो या प्रस्तावनेचा विषय आहे.

हा इतिहास बहुतेक वेळा दोन-तीन बुद्धिमान तरुणांची आणि एका गॅरेजची गोष्ट म्हणून सांगितला जातो. बुद्धिमत्ता होती, गॅरेजही होतं. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. घरातल्या संगणकाचं काम काय, हे कुठल्याही कंपनीच्या बैठकीत ठरलं नाही. ते ठरवलं तो विकत घेणाऱ्यांनी, सुटे भाग जोडून तो उभा करणाऱ्यांनी, झाकण उघडून आत हात घालणाऱ्यांनी. ज्या यंत्रांनी अशा माणसांसाठी जागा राखून ठेवली, त्या यंत्रांनीच या पर्वाला वळण दिलं. पुढची सगळी हकिगत या एका धाग्यावर वाचली, तर सुट्या वाटणाऱ्या घटना एकमेकींना जोडल्या जातात.

सुरुवात एका कॅल्क्युलेटरपासून होते. १९६९ मध्ये बिझिकॉम या जपानी कंपनीने आपल्या कॅल्क्युलेटरसाठी चिपचा संच बनवायचं काम इंटेलला दिलं. इंटेल स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. बिझिकॉमच्या आराखड्यात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या चिप होत्या. टेड हॉफ यांनी सुचवलं की एकच सर्वसाधारण चिप करावी आणि तिने काय करायचं ते मेमरीतल्या प्रोग्रॅमने सांगावं. स्टॅन मेझर यांनी त्या कल्पनेला आकार द्यायला मदत केली, बिझिकॉमचे मासातोशी शिमा तिच्या अंतर्गत रचनेवर बसले आणि फेडेरिको फॅगिन यांनी ती सिलिकॉनवर उतरवली. आपल्या नावाची आद्याक्षरं फॅगिन यांनी चिपच्या कडेला कोरून ठेवली. २,३०० ट्रान्झिस्टरांची ही '४००४' चिप नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आली. तिचे हक्क मुळात बिझिकॉमकडे होते. ६०,००० डॉलर परत करून इंटेलने ती इतर कामांसाठी विकायची मोकळीक मिळवली. १९७२ मध्ये '८००८' आली, १९७४ मध्ये '८०८०'.

या चिप कुणी विकत घ्याव्यात? इंटेलच्या डोळ्यांपुढे वाहतुकीचे दिवे, वजनकाटे, कारखान्यांतली नियंत्रणयंत्रणा होती. यातून घरगुती संगणक करावा, असं एका अभियंत्याने सुचवलं तेव्हा त्याला पाककृती साठवण्यापलीकडे उपयोग सांगता आला नाही आणि म्हणून तो विचार सोडून दिला, अशी आठवण इंटेलचे संस्थापक गॉर्डन मूर यांनीच पुढे सांगितली आहे.

झेरॉक्स कंपनीकडे तर उत्तर जवळजवळ तयार होतं. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथल्या तिच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये 'आल्टो' हा संगणक उभा राहिला. त्याच्या पडद्यावर चित्रं काढता येत, हाताशी माउस होता आणि एका टेबलावरचा संगणक दुसऱ्याशी तारेने बोलत असे. माउस डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेतला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी त्याचं जाहीर प्रात्यक्षिक दिलं होतं. ॲलन के, बटलर लॅम्पसन, चक थॅकर अशी एकाहून एक मोठी माणसं झेरॉक्सच्या त्या केंद्रात एका छताखाली होती. पण आल्टो कधी दुकानात आला नाही. तो होता संशोधकांसाठी, आणि बाहेरच्या माणसाला त्याला हात लावायची सोय नव्हती.

'पहिला पर्सनल कॉम्प्युटर कोणता' या वादात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, पण दावेदार माहीत असावेत. जॉन ब्लँकनबेकर यांनी १९७१ मध्ये 'केनबॅक-१' विकायला काढला. त्याची किंमत ७५० डॉलर होती, त्यात मायक्रोप्रोसेसर नव्हताच आणि विक्री पन्नासच्या आतबाहेर झाली. बोस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियमने पुढे पहिलेपणाचा मान याच यंत्राला दिला. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा गेर्नेल यांनी ८००८ वर आधारलेला 'मिक्राल एन' १९७३ मध्ये तयार केला, तो तिथल्या शेती संशोधन संस्थेच्या मोजमापांसाठी. दोन्ही यंत्रं कल्पक होती. पण त्यांच्याभोवती माणसं गोळा झाली नाहीत. ती गोळा झाली तिसऱ्याच एका यंत्राभोवती.

न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्की शहरात एड रॉबर्ट्स यांची 'मिट्स' नावाची छोटी कंपनी होती. आधी मॉडेल रॉकेटसाठी उपकरणं, मग कॅल्क्युलेटरचे किट हा तिचा धंदा होता. मोठ्या कंपन्यांनी कॅल्क्युलेटरचे भाव पाडल्यावर मिट्स कर्जात बुडाली. रॉबर्ट्स यांनी शेवटचा डाव म्हणून ८०८० चिप घेऊन संगणकाचं किट करायचं ठरवलं. त्या चिपचा सुटा भाव ३६० डॉलर होता. रॉबर्ट्स यांनी घाऊक खरेदी करून ती ७५ डॉलरना मिळवली. त्यामुळे 'अल्टेअर ८८००' चं पूर्ण किट ३९७ डॉलरना देता आलं. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. छायाचित्रासाठी पाठवलेलं मूळ यंत्र वाटेत गहाळ झालं होतं, म्हणून मुखपृष्ठावर दिसते ती आत काहीच नसलेली पेटी. वाचकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. काहीशे ऑर्डरींची आशा धरलेल्या मिट्सकडे हजारोंनी धनादेश येऊ लागले.

या लोकांना काय मिळालं, ते नीट पाहायला हवं. टपालाने एक खोकं यायचं. आत सुटे भाग, छापील सर्किट बोर्ड आणि सूचनांची पुस्तिका. कित्येक रात्री सोल्डरिंग करून यंत्र उभं राहिलं की समोर पट्टीवर स्विचांची रांग आणि लाल दिवे. मेमरी २५६ बाइट, म्हणजे इंग्रजी २५६ अक्षरं मावतील एवढी. दोन संख्यांची बेरीज करायची झाली तर पहिली आज्ञा 'मेमरीतली संख्या उचल' अशी. तिच्यासाठी आठ स्विच डावीकडून क्रमाने लावायचे : दोन खाली, तीन वर, एक खाली, एक वर, एक खाली. मग 'डिपॉझिट'चा स्विच दाबायचा. एक बाइट आत गेला. मग ती संख्या मेमरीत कुठे आहे तो पत्ता, त्याचे दोन बाइट. अशा चौदा बाइटांत बेरजेचा प्रोग्रॅम पुरा व्हायचा. एक स्विच चुकला तर सगळं फिसकटायचं. नंतर 'रन', मग थांबवून उत्तराच्या जागी काय आहे ते दिव्यांवरून वाचायचं. वीज गेली की सारं पुसलं जाई आणि पुन्हा पहिल्या स्विचपासून सुरुवात.

हनीवेलच्या स्वयंपाकघरातल्या यंत्रालाही दिवे आणि स्विचच होते. दोघांत फरक किमतीचा होता, पण तेवढाच नव्हता. अल्टेअर घेणाऱ्याला कुणी पाककृतींचं आमिष दाखवलं नव्हतं. ज्या यंत्राजवळ आजवर विद्यापीठाचा किंवा कंपनीचा परवाना असल्याशिवाय जाता येत नव्हतं, ते आता त्याच्या स्वतःच्या टेबलावर होतं आणि त्याचं काय करायचं हा सर्वस्वी त्याचा प्रश्न होता. शिवाय यंत्राच्या आत शंभर टोकांची एक जोडपट्टी होती. तिच्यावर कुणीही बनवलेला बोर्ड बसवता येई. मिट्सचे स्वतःचे मेमरी बोर्ड नीट चालत नव्हते, तेव्हा इतरांनी बनवले. बघता बघता या जोडपट्टीभोवती छोट्या कंपन्यांचा एक बाजार उभा राहिला.

५ मार्च १९७५ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. निमंत्रण फ्रेड मूर यांचं. ते शांतता चळवळीतले कार्यकर्ते. यातून 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. गर्दी वाढली तशा सभा स्टॅनफर्डच्या कणभौतिकी केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि सूत्रं ली फेल्सेन्स्टाइन यांच्याकडे आली. आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवं आहे, हे जो तो उभा राहून सांगे. मग सगळे उठून एकमेकांना गाठत. सर्किटच्या आकृत्या, चिप, युक्त्या यांची देवघेव चाले. आपल्याला सुचलेलं दुसऱ्याला देणं हा इथला रिवाज होता. फ्रेड मूर यांनी टंकलेखन करून टपालाने पाठवलेल्या वार्तापत्रांमुळे तो रिवाज गॅरेजच्या भिंतींबाहेर पोचला.

त्या वसंतातल्या एका सभेत स्टीव्ह डॉम्पिअर आपला अल्टेअर घेऊन आले. यंत्राला जोडायला त्यांच्याकडे ना टंकयंत्र होतं, ना पडदा. घरी एकदा रेडिओ चालू असताना त्यांच्या लक्षात आलं होतं की अल्टेअर प्रोग्रॅम चालवत असला की रेडिओत खरखर येते आणि प्रोग्रॅम बदलला की खरखरीचा सूरही बदलतो. कोणत्या आज्ञेने कोणता सूर निघतो याचा त्यांनी तक्ता बनवला. सभेत ते जमिनीवर बसून एकेक स्विच लावत गेले. तेवढ्यात कुणाचा तरी पाय वायरीत अडकला, वीज तुटली आणि सगळा प्रोग्रॅम पुसला गेला. डॉम्पिअर यांनी तो पहिल्यापासून पुन्हा भरला. मग अल्टेअरवर ठेवलेल्या छोट्या रेडिओतून बीटल्सचं 'द फूल ऑन द हिल' वाजू लागलं आणि ते संपताच 'डेझी बेल', जे गाणं १९६१ मध्ये बेल लॅब्जच्या अवाढव्य संगणकाने गायलं होतं. सभागृह उठून उभं राहिलं. गाणं वाजवण्यासाठी अल्टेअर कुणी बनवला नव्हता. संगणक घरात कशाला, या प्रश्नाचं पहिलं जिवंत उत्तर त्या दिवशी एका वापरणाऱ्याने दिलं.

दुसरं उत्तर दिलं भाषेने. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'चा तो अंक हार्वर्डजवळच्या स्टॉलवर पाहून पॉल ॲलन यांनी बिल गेट्स यांना गाठलं. दोघांनी मॉन्टी डेव्हिडॉफ यांच्या साथीने अल्टेअरसाठी बेसिक भाषा लिहिली. त्यांच्याजवळ अल्टेअर नव्हताच. हार्वर्डच्या पीडीपी-१० वर ८०८० चिपची नक्कल उभी करून त्यांनी हे काम केलं. ॲलन तो प्रोग्रॅम भरलेली छिद्रांची कागदी पट्टी घेऊन आल्बुकर्कीला गेले, पट्टी यंत्रात भरली, दोन अधिक दोन विचारलं आणि चार हे उत्तर आलं. आता स्विच न लावता इंग्रजीसारख्या शब्दांत संगणकाला काम सांगता येणार होतं. एप्रिल १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्टची स्थापना झाली.

बेसिकची अशी एक पट्टी क्लबात पोचली, तिच्या नकला निघाल्या आणि वाटल्या गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहिलं. या कामात ४०,००० डॉलरहून जास्त किमतीचा संगणक-वेळ खर्ची पडला, पण अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांनीसुद्धा बेसिक विकत घेतलं नाही, अशी त्यांची तक्रार होती. फुकट वाटलं तर चांगलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण, हा त्यांचा सवाल. दुसरी बाजूही तेवढीच खरी होती : नकला फिरल्या म्हणूनच बेसिक घरोघर पोचलं आणि हजारो लोक प्रोग्रॅम लिहायला शिकले. सॉफ्टवेअरची मालकी आणि देवघेव यांचा जो वाद आजही चालू आहे, त्याच्या दोन्ही बाजू त्या एका वर्षात मांडल्या गेल्या होत्या.

क्लबात नियमाने येणाऱ्यांत ह्यूलेट-पॅकार्डचा एक अभियंता होता, स्टीव्ह वॉझ्नियाक. सप्टेंबर १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रदर्शनाच्या वेळी चक पेडल यांच्या चमूने '६५०२' ही चिप २५ डॉलरना विकायला काढली आणि वॉझ्नियाक यांनी तिच्यावर संगणक रचला. त्याला स्विचांच्या जागी कळफलक आणि दिव्यांच्या जागी टीव्हीचा पडदा जोडता येत असे. आकृत्यांच्या प्रती त्यांनी क्लबात वाटून टाकल्या. हे यंत्र ह्यूलेट-पॅकार्डने करावं म्हणून त्यांनी तिथे प्रयत्न केला. कंपनीला त्यात रस वाटला नाही. स्टीव्ह जॉब्ज यांनी मात्र ते विकायचं मनावर घेतलं. १ एप्रिल १९७६ ला ॲपल स्थापन झाली. माउंटन व्ह्यूच्या 'बाइट शॉप'चे पॉल टेरेल यांनी पन्नास नग मागितले, पण एका अटीवर : सुटे भाग नकोत, जोडलेले बोर्ड हवेत. सोल्डरिंग न येणारं गिऱ्हाईक आता दुकानात येऊ लागलं आहे, हे या दुकानदाराने सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. 'ॲपल वन'ची किरकोळ किंमत ६६६.६६ डॉलर ठरली आणि सुमारे दोनशे नग बनले.

१९७७ हे वर्ष सांधा बदलणारं ठरलं. एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर'मध्ये 'ॲपल टू' लोकांपुढे आला : रंगीत चित्रं, आवाज, सुबक प्लॅस्टिकची पेटी, १,२९८ डॉलर. वॉझ्नियाक यांनी आधी अटारी कंपनीसाठी 'ब्रेकआउट' या खेळाचं सर्किट बनवलं होतं; तोच खेळ बेसिकमध्ये लिहिता यावा, या ओढीतून रंग आणि आवाज यंत्रात आले. आत जादा बोर्ड बसवण्यासाठी आठ खाचा होत्या. जॉब्ज यांना दोनच पुरेशा वाटत होत्या. वॉझ्नियाक आठांवर अडून बसले आणि त्यांचंच खरं झालं. त्याच वर्षी कमोडोरचा 'पेट' आला. आउश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेले जॅक ट्रॅमिएल हे या कंपनीचे सर्वेसर्वा. ऑगस्टमध्ये रेडिओ शॅकने 'टीआरएस-८०' पडद्यासकट ५९९.९५ डॉलरना विकायला काढला. सुरुवातीला बेत होता साडेतीन हजार नगांचा. विक्री झाली नाही तर कंपनीच्या तितक्याच दुकानांत हिशेबासाठी एकेक वापरता येईल, असा अंदाज होता. मागणीने तो अंदाज पार मोडीत काढला. खेडोपाडीच्या रेडिओच्या दुकानात आता संगणक मिळू लागला.

तरीही मूळ प्रश्न पुरता सुटला नव्हता. तो सोडवला सॉफ्टवेअरने, आणि तेही बहुतेक वेळा स्वतःची गरज भागवायला निघालेल्या माणसांनी. मायकेल श्रेअर यांना आपल्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका संगणकावरच लिहायची होती. त्यातून १९७६ मध्ये 'इलेक्ट्रिक पेन्सिल' आलं, घरगुती संगणकावरचं पहिलं लेखनाचं सॉफ्टवेअर. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरचे हिशेबाचे तक्ते छळत होते. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडायचे. तक्ता स्वतःच सुधारला तर? बॉब फ्रँकस्टन यांनी १९७८-७९ च्या हिवाळ्यात, संगणक-वेळ स्वस्त मिळे म्हणून रात्रीरात्री जागून, त्याचा प्रोग्रॅम लिहिला. १९७९ च्या शरदात 'व्हिजिकॅल्क' ॲपल टू साठी बाजारात आलं : २५४ ओळी, ६३ रकाने, किंमत शंभर डॉलरच्या आसपास. हिशेबनीस आणि छोटे व्यापारी दुकानात जाऊन आधी व्हिजिकॅल्क मागू लागले आणि ते चालवायला म्हणून ॲपल टू घेऊ लागले. ॲपलच्या कुणीही ते बनवून घेतलं नव्हतं.

या पर्वातल्या बायकांचं काम अनेक पुस्तकांत तळटीपेपुरतं येतं, म्हणून इथे ते मुद्दाम सांगायला हवं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या लोर हार्प आणि कॅरोल एली या दोन गृहिणींनी १९७६ मध्ये घरातूनच अल्टेअरचे मेमरी बोर्ड विकायला सुरुवात केली; त्यांची 'व्हेक्टर ग्राफिक' कंपनी पुढे स्वतःचे संगणक बनवू लागली आणि शेअर बाजारापर्यंत गेली. १९८० मध्ये रोबर्टा विल्यम्स यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून 'मिस्टरी हाउस' या खेळाची कथा रचली, चित्रं काढली. पती केन यांनी ती ॲपल टू वर चढवली. चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या संगणकीय खेळांचा पाया त्या टेबलावर घातला गेला.

ब्रिटनची वाट थोडी वेगळी. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० मध्ये 'झेडएक्स-८०' शंभर पौंडांच्या आत आणला. १९८१ च्या अखेरीस एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' आला. त्याच्यामागे बीबीसीची सार्वजनिक संगणक-साक्षरतेची मोहीम होती. हेच यंत्र १९८४ नंतर भारत सरकारच्या 'क्लास' योजनेतून आपल्याकडच्या निवडक शाळांत पोचलं.

मोठ्या कंपन्यांपैकी शेवटी जागी झाली ती आयबीएम. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे एका छोट्या चमूने सुमारे वर्षभरात यंत्र उभं केलं. इतक्या कमी वेळात सगळे भाग घरी बनवणं शक्य नव्हतं, म्हणून बाजारातले घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८. कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टकडून, मायक्रोसॉफ्टने ती सिॲटलच्या एका छोट्या कंपनीकडून घेतली होती आणि तिथल्या टिम पॅटर्सन यांनी ती लिहिली होती. आत पाच खाचा, आणि आतली रचना तांत्रिक पुस्तिकेत छापून खुली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात 'आयबीएम पीसी' जाहीर झाला. सर्वांत साधा नग १,५६५ डॉलरना. अल्टेअर आणि ॲपल टू च्या हौशी जगाचा रिवाज आता जगातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने उचलला होता. आयबीएमच्या हाती राखीव म्हणावा असा एकच भाग उरला : यंत्र सुरू करणारा 'बायोस' हा छोटा प्रोग्रॅम. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅकने, आयबीएमच्या मूळ प्रोग्रॅमची एकही ओळ न पाहिलेल्या अभियंत्यांकडून, तेच काम करणारा स्वतःचा बायोस लिहवून घेतलेलं यंत्र जाहीर केलं. पहिल्या पूर्ण वर्षात कॉम्पॅकने १११ दशलक्ष डॉलरची विक्री केली. मग तैवानपासून दिल्लीपर्यंत सगळीकडे पीसीच्या बरोबरीची यंत्रं बनू लागली आणि भाव उतरत गेले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो याच खाचांपाशी. आयबीएम पीसी इंग्रजीसाठी बनला होता. देवनागरीचा विचार त्याच्या आराखड्यात कुठेच नव्हता. आयआयटी कानपूरमध्ये आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्यांवर काम चालू होतं. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा. त्या कामातून 'जिस्ट' तंत्रज्ञान उभं राहिलं आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या 'सीडॅक'मध्ये ते वाढलं. पीसीच्या मोकळ्या खाचेत जिस्टचं कार्ड बसवलं की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये मराठी मजकूर भरता येऊ लागला. कळफलकाची 'इनस्क्रिप्ट' मांडणी सर्व भारतीय लिप्यांना सारखी : स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ना आयबीएमची परवानगी लागली, ना मायक्रोसॉफ्टची. पेटी उघडता येत होती आणि आत जागा होती, एवढंच पुरलं. पेटी बंद असती, तर मराठीला परक्या कंपनीच्या मर्जीची वाट पाहत बसावं लागलं असतं.

या काळाकडे पाहताना एक सावधगिरी बाळगायला हवी. सगळं मोकळं ते टिकलं आणि सगळं बंद ते बुडालं, असा सोपा हिशेब मांडता येत नाही. २४ जानेवारी १९८४ ला आलेला ॲपलचा 'मॅकिंटॉश' बंद पेटीचा होता आणि झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतली चित्रं आणि माउस बाजारात रुजवले ते त्यानेच. एड रॉबर्ट्स यांनी १९७७ मध्ये मिट्स विकली आणि ते जॉर्जियातल्या एका छोट्या गावी डॉक्टर झाले. वाट पाडणाऱ्याला तिचा लाभ मिळेलच असं नसतं. फुकट वाटण्याच्या रिवाजातून मोठं झालेल्यांनीच पुढे मालकीची कुंपणं घातली. हे सगळं मान्य करूनही मूळ मुद्दा उरतोच : घरात संगणक कशाला, याचं उत्तर बनवणाऱ्यांना सापडलं नाही; वापरणाऱ्यांनी ते शोधलं, आणि एक नाही, अनेक शोधली.

म्हणूनच या इतिहासाची साधनं कंपन्यांच्या दप्तरांत कमी आणि वापरणाऱ्यांच्या घरांत जास्त सापडतात. होमब्रू क्लबाचं काम आज इतक्या बारकाईने माहीत आहे ते त्याची वार्तापत्रं आणि सदस्यांच्या आठवणी जपल्या गेल्या म्हणून. माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये असा ठेवा अभ्यासकांना पाहायला मिळतो. आपल्याकडे जिस्ट कार्डावर पहिल्यांदा मराठी अक्षरं जुळवणारे, शाळेत बीबीसी मायक्रोवर मुलांना बेसिक शिकवणारे, छापखान्यात खिळ्यांकडून पीसीकडे वळलेले कितीतरी लोक आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांची यंत्रं भंगारात गेली, पुस्तिका रद्दीत चालल्या आहेत आणि फ्लॉपीवरचा चुंबकीय थर दर वर्षी झिजतो आहे. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असं काही असेल, तर ते टाकून देऊ नये. फ्लॉपी असतील तर त्यांची नक्कल आधी करून घ्यावी, पुस्तिका आणि पावत्या कोरड्या जागी ठेवाव्यात, आणि ते यंत्र कोणत्या साली, कितीला घेतलं, त्यावर पहिलं काम कोणतं केलं, हे तारखेनिशी लिहून काढावं. मराठीतल्या संगणकाचा इतिहास अजून लिहायचा आहे आणि तो याच नोंदींवरून लिहावा लागणार आहे.